एक सरोवर, अनेक नगरपालिका: सिअ‍ॅटल आणि लेक वॉशिंग्टनचे प्रकरण

जून १९५५. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिअ‍ॅटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवणारे डब्ल्यू. टी. एडमंडसन आणि त्यांचे विद्यार्थी काही वर्षे शेजारच्या लेक वॉशिंग्टन या सरोवराचे पाणी तपासत होते. त्या महिन्याच्या नमुन्यात त्यांच्या विद्यार्थ्याला एक तंतुमय शेवाळ दिसले. नाव ऑसिलेटोरिया रुबेसेन्स. सरोवरांचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव चांगलेच माहीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या सरोवरात काठावरच्या वस्त्यांचे सांडपाणी वाढत गेले तेव्हा हेच शेवाळ तिथे उगवले होते, आणि पुढे ते सरोवर बिघडतच गेले. सिअ‍ॅटलच्या पाण्यातही आता तीच पहिली खूण दिसत होती.

पुढच्या तेरा वर्षांत या सरोवराच्या काठावरच्या शहरांनी मिळून त्यात पडणारे शुद्धीकरण केंद्रांचे पाणी जवळजवळ पूर्ण बंद केले आणि सरोवर परत आले. सरोवरशास्त्राच्या पुस्तकांत ही कथा रसायनशास्त्राच्या अंगाने नेहमी सांगितली जाते. मला तिच्यातली नगरपालिकांची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. शेजारच्या शहरांनी एकत्र यावे, याबद्दल कुणाचेच दुमत नसते. कशापुरते यायचे, खर्च कुणी सोसायचा आणि निर्णय कुणाच्या हाती राहणार, हे प्रश्न निघाले की बैठक उठते. इथेही ती उठली होती. मग सहा महिन्यांत ती पुन्हा कशी बसली, आणि त्यासाठी मांडणाऱ्यांनी आपल्याच योजनेतून काय काय कापून टाकले, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

पाण्याची हद्द आणि शहरांच्या हद्दी

लेक वॉशिंग्टन सुमारे ३५ किलोमीटर लांब आणि चिंचोळे आहे. क्षेत्रफळ ८८ चौरस किलोमीटरच्या आसपास, सर्वांत खोल जागी ६५ मीटर. पश्चिम काठावर सिअ‍ॅटल, पूर्वेला बेलव्ह्यू आणि कर्कलँड, दक्षिण टोकाला रेंटन, मधोमध मर्सर आयलंड. सिअ‍ॅटलच्या पलीकडच्या अंगाला प्युजेट साउंड ही समुद्राची खोल खाडी. म्हणजे सिअ‍ॅटल हे शहर गोडे पाणी आणि खारे पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसलेले आहे. पूर्वेकडच्या कुठल्याही गावाला आपले सांडपाणी समुद्रापर्यंत न्यायचे तर वाटेत सरोवर, टेकड्या आणि परक्या शहरांच्या हद्दी येतात. या प्रकरणातल्या निम्म्या अडचणी नकाशाकडे नुसते पाहिले तरी लक्षात येतात.

सिअ‍ॅटलने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपला कच्चा मैला थेट याच सरोवरात सोडला होता. लोकांनी ओरड केली, कर्ज काढले गेले, आणि १९३६ पर्यंत शहराने तो मैला मोठ्या वाहिन्यांतून खाडीकडे वळवला. सिअ‍ॅटलपुरता प्रश्न सुटल्यासारखा झाला. जोराचा पाऊस आला की जुन्या एकत्र गटारांतून, म्हणजे मैला आणि पावसाचे पाणी एकाच नळाने नेणाऱ्या गटारांतून, थोडा मैला सरोवरात येई, तेवढे सोडून.

मग जुलै १९४० मध्ये सरोवरावर तरंगता पूल सुरू झाला. पूर्वेचा काठ, जिथे तोवर मळे, जंगल आणि तुरळक घरे होती, तो सिअ‍ॅटलपासून गाडीने काही मिनिटांवर आला. महायुद्धानंतर तिथे घरांची रांगच लागली. वस्ती वाढली तशा नव्या नगरपालिकाही निघाल्या. बेलव्ह्यू १९५३ मध्ये शहर झाले. त्याच वर्षी क्लाइड हिल. १९५५ मध्ये मेडायना आणि हंट्स पॉइंट. त्यांतल्या काही इतक्या लहान की एका दमात पायी ओलांडाव्यात. याशिवाय जिथे नगरपालिका नव्हती तिथे मलनिस्सारणाचे स्वतंत्र जिल्हे होते, त्यांची स्वतंत्र निवडून आलेली मंडळे होती. पाणी एकच राहिले आणि त्याच्या काठावरच्या सरकारांची संख्या मात्र दर काही वर्षांनी वाढत गेली.

या सगळ्यांनी बेपर्वाई केली असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि म्हणूनच हे प्रकरण शिकण्यासारखे आहे. १९४१ ते १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सरोवराच्या काठांवर दहा शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. ती त्या काळच्या मानाने चांगली होती. जैविक प्रक्रियेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या टप्प्यापर्यंत, पाणी शुद्ध करत होती. जंतू मरत होते, दुर्गंधी जात होती, घाण खाली बसत होती. प्रत्येक नगर मंडळाने आपल्या मतदारांकडून पैसे घेऊन आपले कर्तव्य केले होते, आरोग्य खात्याचे नियम पाळले होते. पण त्या केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात फॉस्फरस तसाच राहत होता. रोज सुमारे ७.६ कोटी लिटर असे पाणी सरोवरात पडू लागले. शेताला खत घालावे तसे ते शेवाळाला पोसत होते.

एकेकट्या गावाकडे करण्यासारखे फारसे नव्हते. दहापैकी एक केंद्र बंद केले तर सरोवराला फरक जाणवणार नाही, आणि ते बंद करणाऱ्या गावाचे मात्र कंबरडे मोडणार. सिअ‍ॅटलने शेजाऱ्यांसाठी वाहिन्या बांधाव्यात तर सिअ‍ॅटलचा मतदार विचारणार, आम्ही आमचे १९३६ मध्येच निस्तरले, आता यांचे का? उपनगरांनी पैसे द्यावेत तर ते कुणाला द्यायचे, कोणत्या खात्यात? पैसे गोळा करून पूर्ण सरोवराभोवती वाहिनी टाकू शकेल अशी संस्था कायद्यातच नव्हती. सगळ्यांची इच्छा असती तरी ते काम कुणाच्या नावावर चढवायचे, हे कुणालाच सांगता आले नसते.

मोठी मागणी, आणि तिचा पराभव

इथे जिम एलिस यांचा प्रवेश होतो. ते वकील होते, नगरपालिकांच्या कर्जरोख्यांचे काम करणारे. हा तपशील किरकोळ नाही. कोणत्या संस्थेला कोणत्या कलमाखाली किती कर्ज मिळते, आणि रोखे घेणारा कोणत्या हमीवर विश्वास ठेवतो, हे ज्याला पाठ आहे असा माणूस सहकार्याकडे सदिच्छेच्या चष्म्यातून पाहत नाही. १९५२ मध्ये किंग काउंटीच्या, म्हणजे सिअ‍ॅटल ज्यात येते त्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या, कारभाराची नवी सनद मतदारांपुढे ठेवण्यात आली होती. एलिस तिच्या कामात होते. ती पडली. त्यानंतरच्या वर्षीपासून ते महानगर पातळीवरच्या संस्थेची कल्पना सभांमधून मांडू लागले.

१९५६ मध्ये सिअ‍ॅटलचे नवे महापौर गॉर्डन क्लिंटन यांनी महानगराच्या प्रश्नांवर सल्लागार समिती नेमली आणि एलिस तिचे अध्यक्ष झाले. १९५७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला. त्यानुसार शेजारची शहरे मिळून एक महानगर संस्था स्थापू शकत होती आणि तिला सहा कामे देता येत होती: सांडपाणी, पाणीपुरवठा, सार्वजनिक वाहतूक, कचरा, उद्याने आणि एकत्रित नियोजन. कोणती कामे द्यायची ते मतदार ठरवणार. आणि एक अट होती: मध्यवर्ती शहरात बहुमत हवे, आणि त्याच्या बाहेरच्या भागातही वेगळे बहुमत हवे. दोन्ही मिळून बेरीज चालणार नाही.

ही दुहेरी अट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती अडसर वाटली होती. आता वाटते की याच अटीने पुढचे काम टिकवले. सिअ‍ॅटलची लोकसंख्या बाकी सगळ्यांना पुरून उरणारी होती. साध्या बहुमतावर संस्था आली असती तर पूर्वेकडच्या प्रत्येक गावाने ती मोठ्या शेजाऱ्याने आपल्यावर लादली असे धरले असते, आणि दर बैठकीत तेच उगाळले असते.

मार्च १९५८ मध्ये मतदान झाले. मतपत्रिकेवर तीन कामे होती: सांडपाणी, वाहतूक आणि नियोजन. हद्द म्हणजे जवळजवळ पूर्ण काउंटी. सिअ‍ॅटलमध्ये प्रस्ताव मंजूर झाला, शहराबाहेरच्या भागात फेटाळला गेला. विरोधकांचा मुख्य मुद्दा असा, की सरकारांच्या डोक्यावर आणखी एक सरकार बसते आहे, आणि ते आमच्या गावाचे नियोजनही करणार. सरोवरापासून लांब राहणाऱ्यांचा प्रश्न तर आणखी सरळ होता: ज्या पाण्याला आमचा थेंबही जात नाही, त्याचे पैसे आम्ही का द्यावेत?

हे प्रश्न मूर्खपणाचे नव्हते. आपण नुकतीच स्थापन केलेली नगरपालिका, तिची पाच वर्षांची स्वायत्तता, घरांची किमान जागा ठरवण्याचा अधिकार, हे सगळे पणाला लागले आहे असे वाटले तर माणूस ‘नाही’ म्हणणारच. वाहतूक आणि नियोजन यांची गरज मांडणाऱ्यांना अगदी खरी वाटत होती आणि कागदावर त्यांचे म्हणणे बरोबरही होते. पण त्यांनी तीन वेगवेगळ्या भीती एका मतपत्रिकेवर बांधून दिल्या होत्या.

छाटलेली योजना

पुढच्या सहा महिन्यांत योजना मांडणाऱ्यांनी तीन गोष्टी केल्या.

कामे तीनवरून एकावर आणली. वाहतूक गेली, नियोजन गेले, उरले फक्त सांडपाणी.

हद्द आखडली. काउंटीची रेषा सोडली आणि सरोवराच्या पाणलोटाला धरून नवी रेषा काढली. ज्याचे पाणी सरोवराकडे येते आणि ज्याला त्याचा उपद्रव होतो, तोच मतदार. ‘आमचा काय संबंध’ हा प्रश्न विचारणारा बराचसा भाग यामुळे आपोआप बाहेर राहिला.

तिसरी गोष्ट प्रचाराची. पहिल्या वेळी प्रचारात संस्थेच्या रचनेबद्दल बरेच बोलले गेले होते. या वेळी पाण्याबद्दल बोलले गेले. दूषित पाण्यात पोहू नका, अशा इशाऱ्याच्या पाटीशेजारी काठावर उभी असलेली मुले, असे एक छायाचित्र सगळीकडे फिरले. महिला मतदारांच्या संघटनेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या. एडमंडसन यांनी एलिसना आधीच सविस्तर लिहून कळवले होते, की शेवाळ का वाढते, काहीच केले नाही तर काय होईल, आणि सांडपाणी वळवले तर काय अपेक्षा ठेवावी. त्यांनी कोणती यंत्रणा हवी यावर मत दिले नाही. आपल्याला जे माहीत आहे तेवढेच सांगितले. शास्त्रज्ञाने ही रेघ पाळली म्हणून दोन्ही बाजूंनी त्यांचा शब्द मानला, असे मला वाटते.

सप्टेंबर १९५८ मध्ये प्रस्ताव सिअ‍ॅटलमध्ये मंजूर झाला आणि बाहेरही मंजूर झाला. संस्थेला सगळे ‘मेट्रो’ म्हणू लागले.

या संस्थेच्या मंडळावर स्वतंत्रपणे निवडून आलेले कुणी नव्हते. सिअ‍ॅटलचे महापौर आणि नगरसेवक, काउंटीचे आयुक्त, उपनगरांचे महापौर किंवा त्यांचे प्रतिनिधी, असे आधीच कुठे ना कुठे निवडून आलेले लोक एकत्र बसत. अध्यक्ष मात्र त्यांनी बाहेरून निवडायचा. यात एक व्यवहारी शहाणपण होते. बेलव्ह्यूच्या प्रतिनिधीला मेट्रोत घेतलेला निर्णय दुसऱ्या आठवड्यात स्वतःच्या सभागृहात समजावून सांगावा लागे. ‘त्यांनी ठरवले’ असे म्हणायची सोय त्याला नव्हती.

कामाची वाटणी त्याहून महत्त्वाची. मेट्रोने गावांची गटारे घेतली नाहीत. गल्लीतली वाहिनी, घराची जोडणी, तुंबल्याची तक्रार, बिल, हे सगळे त्या त्या नगरपालिकेकडे किंवा मलनिस्सारण जिल्ह्याकडे राहिले. मेट्रोने घाऊक काम उचलले: गावाच्या टोकाला मैला ताब्यात घ्यायचा, मोठ्या वाहिनीतून न्यायचा, शुद्ध करायचा, सोडायचा. त्यासाठी प्रत्येक गावाशी दीर्घ मुदतीचा करार. गावाने आपल्याकडच्या घरांच्या संख्येवर, आणि दुकाने-कारखान्यांच्या वापराचे घरांत रूपांतर करून, मेट्रोला पैसे द्यायचे. घरामागे महिन्याला साधारण २ डॉलर पडत. या करारांच्या जोरावर रोखे विकता आले, कारण रोखे घेणाऱ्याला पुढच्या कित्येक वर्षांचे उत्पन्न लेखी दिसत होते. एकंदर खर्च सुमारे १४ कोटी डॉलरचा, आणि त्यातला बहुतेक भार स्थानिक लोकांनीच उचलला. प्रदूषण निवारणासाठी त्या काळात देशात झालेल्या सर्वांत मोठ्या खर्चांपैकी हा एक होता.

मेट्रोच्या यशाचे श्रेय भाषणांतून दूरदृष्टीला दिले जाते. मी ते या करारांना देईन. ज्या नगरपालिकेला आपले गटार, आपले कर्मचारी आणि आपला बिलाचा कागद आपल्याकडे राहणार हे लेखी मिळाले, तिला सामील व्हायला फार धैर्य लागले नाही.

पैसे भरले जात होते, पाणी बिघडत होते

१९६१ च्या उन्हाळ्यात बांधकाम सुरू झाले. योजना अशी, की सरोवराभोवती मोठ्या वाहिन्या टाकायच्या आणि केंद्रांतले पाणी दोन नव्या मोठ्या केंद्रांकडे न्यायचे. एक रेंटनला, तिथून शुद्ध केलेले पाणी ग्रीन-ड्युवामिश नदीत जाणार. दुसरे सिअ‍ॅटलच्या वेस्ट पॉइंट या भूशिरावर, तिथून ते खोल नळाने प्युजेट साउंडमध्ये. रेंटनचे केंद्र १९६५ मध्ये चालू झाले, वेस्ट पॉइंटचे १९६६ मध्ये.

फेब्रुवारी १९६३ मध्ये पहिल्या टप्प्याचे पाणी सरोवरातून वळवले गेले. सगळे एकदम वळवणे शक्यच नव्हते, वाहिनी जशी पुढे जाईल तसे एकेक जुने केंद्र बंद होणार होते. आणि नेमक्या याच वर्षांत सरोवर सर्वांत वाईट झाले. ऑक्टोबर १९६३ मध्ये एका स्थानिक दैनिकाने त्याला ‘लेक स्टिंको’ म्हटले, म्हणजे घाणेरड्या वासाचे सरोवर. पाण्याची पारदर्शकता मोजायला एक पांढरी तबकडी दोरीने खाली सोडतात आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवतात. १९५० मध्ये ही खोली साडेतीन मीटरच्या वर होती. १९६४ च्या उन्हाळ्यात ती ७६ सेंटिमीटरपर्यंत घसरली. गुडघाभर पाण्यात उभे राहिलेल्या माणसाला आपली पावले जेमतेम दिसावीत, इतके गढूळ.

सहकार्याच्या दृष्टीने मला हा सर्वांत नाजूक काळ वाटतो. मतदानाला सहा वर्षे होऊन गेलेली, रस्ते खणलेले, आणि पाणी पूर्वीपेक्षा वाईट. उपनगरातल्या एखाद्या नगरसेवकाला या जोरावर ‘फसवणूक झाली’ म्हणून निवडणूक लढवता आली असती. करार लेखी होते म्हणून कुणी सहज बाहेर पडू शकत नव्हते, हे खरे. पण दुसरेही एक कारण होते. एडमंडसन यांनी आधीच सांगून ठेवले होते, की सांडपाणी थांबले की शेवाळ लवकर मागे हटेल, कारण डोंगरांवरून येणाऱ्या नद्यांच्या स्वच्छ पाण्याने हे सरोवर काही वर्षांतच धुऊन निघते. काही तज्ज्ञांना तसे वाटत नव्हते. तळाच्या गाळात इतका फॉस्फरस साठला असेल की वरचा पुरवठा तोडूनही तो वर येत राहील, अशी त्यांची शंका. एडमंडसन यांनी आपला अंदाज निकाल लागण्याआधी जाहीर केला होता. त्यामुळे वाट पाहणाऱ्यांना कशाची वाट पाहायची ते ठाऊक होते.

१९६८ च्या सुरुवातीला शेवटच्या केंद्राचे पाणी वळवले गेले. १९६९ पर्यंत हिवाळ्यातले फॉस्फेट, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या फॉस्फरसचे रूप, १९६३ च्या २८ टक्क्यांवर आले होते. त्याच काळात नायट्रेट आणि कार्बन डायऑक्साइड दरवर्षी वरखाली होत राहिले, पण जास्तच राहिले. आणि शेवाळ मात्र फॉस्फेटबरोबर उतरले. एडमंडसन यांनी १९७० मध्ये हे आकडे प्रसिद्ध केले. कपडे धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट असावे की नसावे यावर त्या वेळी देशभर वाद पेटला होता, त्यात या आकड्यांना मोठे वजन आले. १९७६ मध्ये पाण्यातले शेवाळ गाळून खाणारे डॅफ्निया हे सूक्ष्म जीव मोठ्या संख्येने दिसू लागले आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यांत तबकडी सरासरी ७ मीटर खोलीपर्यंत दिसू लागली. त्याआधीच्या कोणत्याही नोंदीपेक्षा हे पाणी स्वच्छ होते.

हद्दीबाहेर गेलेला प्रश्न

सगळे इतके छान जमले यावर थांबता येत नाही. सरोवरातून काढलेले पाणी कुठे तरी सोडावेच लागले. वेस्ट पॉइंटचे केंद्र सुरुवातीला फक्त पहिल्या टप्प्याचे होते. घन पदार्थ खाली बसवायचे, जंतू मारायचे आणि खाडीत सोडायचे. खाडी खोल आहे, भरती-ओहोटीचे प्रवाह जोराचे आहेत, तिथे फॉस्फरसने सरोवरासारखे होणार नाही, हा युक्तिवाद शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. पण त्या खाडीच्या काठावर राहणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या सगळ्यांना १९५८ च्या त्या मतपत्रिकेवर जागा नव्हती. पाणलोटाची रेषा आखून ज्यांनी सहकार्य शक्य केले, त्यांनीच त्या रेषेबाहेरच्यांचा आवाजही वगळला. सहकार्याची हद्द जितकी नेटकी तितकी तिच्या पलीकडच्यांची आठवण कमी, ही अडचण मला या प्रकरणात सर्वांत जास्त बोचते.

ती चूक पुढे वरून दुरुस्त झाली. १९७२ च्या केंद्रीय जलप्रदूषण कायद्याने दुसऱ्या टप्प्यापर्यंतचे शुद्धीकरण सगळीकडे सक्तीचे केले. मेट्रोने बराच काळ खाडीसाठी सूट मागितली, मग १९८०च्या दशकात माघार घेतली. वेस्ट पॉइंटच्या दुसऱ्या टप्प्याचे काम १९९५ मध्ये पूर्ण झाले. रेंटनच्या केंद्राचे पाणीही १९८०च्याच दशकात नदीतून काढून लांब नळाने खाडीत नेण्यात आले, कारण वाढत्या पाण्यापुढे ती नदी अपुरी पडू लागली होती.

आणखी एक गोष्ट. मतदारांच्या भीतीपोटी नियोजन वगळले गेले होते. पण मोठी मलवाहिनी हेच एक नियोजन असते. जिथे ती पोहोचते तिथे दाट घरे बांधता येतात. पूर्व काठावरच्या गावांनी नियोजनाला नकार दिला आणि वाहिनी घेतली, आणि पुढच्या दशकांत त्या वाहिनीच्या कडेने शहर पसरत गेले. १९५८ मध्ये नियोजन मतपत्रिकेवर ठेवले असते तर सांडपाण्याचेही काम झाले नसते, म्हणून ते काढणे बरोबरच होते असे मी मानतो. पण किंमत लागली नाही असे कुणी म्हणू नये.

यशाने वाढवलेला बोजा

सांडपाण्यात जमले म्हणून बाकीच्या कामांची फाइल पुन्हा उघडली. जलद रेल्वेचा प्रस्ताव १९६८ मध्ये आणि पुन्हा १९७० मध्ये मतदारांपुढे गेला, दोन्ही वेळा आवश्यक बहुमताअभावी पडला. १९७२ मध्ये मात्र बससेवा मेट्रोकडे द्यायला मतदारांनी होकार दिला आणि १९७३ पासून तिच्या बस धावू लागल्या. ज्या वाहतुकीला पंधरा वर्षांपूर्वी ‘नाही’ म्हटले होते, तीच आता बसच्या रूपात त्याच संस्थेकडे आली. चांगल्या चाललेल्या कामाची साख हे भांडवल असते, हे यातून दिसते.

पण बससेवेने संस्थेचा स्वभाव बदलला. गटाराची वाहिनी जमिनीखाली असते, ती कुठून जाते याबद्दल रोज कुणी भांडत नाही. बस कुठल्या रस्त्याने जाणार, किती वेळाने येणार, हा रोजचा प्रश्न. त्यासाठी विक्रीकराचा हिस्सा घेतला जाऊ लागला, हद्द पूर्ण काउंटीची झाली, मंडळ फुगत गेले, सदस्य चाळिशीच्या पुढे गेले. ज्या रचनेत प्रत्येक शहराला टेबलाशी जागा असते तिच्यात लहान शहराच्या मताचे वजन त्याच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त होते. मैला वाहून नेणाऱ्या, करारावर चालणाऱ्या संस्थेत हे खपून गेले होते. कर वसूल करणाऱ्या आणि रोजच्या सेवा देणाऱ्या संस्थेत ते खपले नाही. १९९० मध्ये केंद्रीय न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम ड्वायर यांनी निकाल दिला, की मंडळाची रचना एक व्यक्ती एक मत या घटनात्मक तत्त्वाला धरून नाही.

निकाल कायद्याने बरोबर होता आणि मला तो न्यायाचाही वाटतो. ज्या मंडळाच्या हाती इतका पैसा आहे त्याला थेट मतदारांना उत्तर द्यावे लागले पाहिजे. तरी त्यात काहीतरी हरवलेही. महापौर आणि नगरसेवक दर महिन्याला एका टेबलाशी बसत, एकमेकांच्या अडचणी ऐकत, आणि तेच निर्णय आपापल्या गावी नेत. तशी जागा उरली नाही. १९९२ मध्ये मतदारांनी मेट्रो किंग काउंटीत विलीन करायला मंजुरी दिली. १ जानेवारी १९९४ पासून मेट्रो वेगळी राहिली नाही. काउंटीचे सभागृह ९ वरून १३ सदस्यांचे झाले. उपनगरांच्या प्रतिनिधींना काउंटीच्या प्रादेशिक समित्यांवर जागा मिळाल्या, सांडपाणी पाठवणाऱ्या शहरांची एक सल्लागार समितीही आहे. पण सल्ला देणे वेगळे आणि मत देणे वेगळे.

संस्था गेली, करार राहिले. काठावरची गावे आजही आपली गल्लीतली गटारे स्वतः सांभाळतात, घरांचा हिशेब करून घाऊक शुद्धीकरणाचे पैसे काउंटीला देतात. यातल्या बऱ्याच करारांची मूळ मुदत २०३६ ला संपते. काही शहरांनी ती २०५६ पर्यंत वाढवून दिली आहे, कारण रोखे घेणाऱ्याला पुढची वर्षे लेखी दिसावी लागतात, पहिल्या दिवसापासूनच. बाकीच्यांशी बोलणी करताना पलीकडे आता १९५८ चे बेलव्ह्यू नसेल. उंच इमारतींचे, स्वतःचे बळ जाणणारे मोठे शहर असेल, आणि दर, प्रतिनिधित्व, जुन्या एकत्र गटारांचा खर्च कुणी उचलायचा, हे प्रश्न ते नव्याने विचारील. काउंटीचे कर्मचारी सरोवराच्या पाण्याचे नमुने आजही घेतात, आणि पांढरी तबकडी दोरीने खाली सोडून ती किती खोलवर दिसते ते मोजतात.